दुधाचे दात पडणारच, मग जपायचे कशाला?

परदेशातल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. वर जोडलेले हात, खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’. म्हणणं असं, की दुधाचे दात पडणारच. फ्लोराइड मेंदूला विष. आज्यांनी राखुंडीवर पोरं वाढवली. साखरेऐवजी गूळ-मध द्या. आणि तिकडच्या डेंटिस्टना आपल्या खाण्यातलं काय कळतं? मी न्यू जर्सीत लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात सहायक आहे. यातलं काही ना काही रोज कानावर पडतं.

दात पडणारच, खरंय. पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांचं मूल झालं की पडतात, मागच्या दाढा दहा-बारापर्यंत राहतात. दोन वर्षांच्या पोराने किडलेल्या दाढेवर आठ वर्षं जेवायचं का? ती लवकर काढली तर शेजारचे दात सरकतात, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा जाते.

आज्यांचं म्हणाल, तर त्यांच्या लहानपणी दुधाची बाटली नव्हती, बिस्किटाचा पुडा रोज घरात नसे. राखुंडीला फुकटचं श्रेय मिळतंय. शिवाय त्यांच्यातल्या कित्येकजणी मशेरी, म्हणजे भाजलेली तंबाखू, लावायच्या, ते मेसेजात कसं येत नाही? दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे.

फ्लोराइडची भीती मात्र हवेतून आलेली नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे. ते पाणी वर्षानुवर्षं पिऊन दातांवर तपकिरी डाग पडतात, हाडं आखडतात. ज्याने हे पाहिलंय त्याला मी हसणार नाही. पण प्रश्न किती, याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या ज्या २०२४ च्या सरकारी अहवालाचा हवाला देतात, त्याने मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध जोडला तो याहून जास्त फ्लोराइडशी. इथल्या नळाच्या पाण्यासाठी लिटरला ०.७ मिलिग्रॅमची शिफारस आहे, आणि त्या पातळीबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा नाही, असं तोच अहवाल म्हणतो. आता पेस्ट. अमेरिकन डेंटल असोसिएशन २०१४ पासून सांगतेय, की पहिला दात दिसल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट आणि तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. तांदळाएवढीत फ्लोराइड साधारण ०.१ मिलिग्रॅम. पोराने सगळी गिळली तरी, बरोबर मर्यादेइतकं फ्लोराइड असलेल्या एक लिटर पाण्यात याच्या पंधरा पट असतं. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पेस्ट काढू नका, बस्स.

गूळ आणि साखर यांतला फरक दातावरच्या जंतूंना कळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचं बोटही नको, बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

तिकडच्या डेंटिस्टना आपलं खाणं कळत नाही, या शेवटच्या मुद्द्यावर मी निम्मी मेसेजच्या बाजूने आहे. तीन वर्षांचा एक मुलगा आला होता. वरचे चारही पुढचे दात हिरडीपर्यंत तपकिरी, खालचे स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, ज्यूस देता? कँडी? सोडा? आई तिन्हीला नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग मी मराठीत विचारलं, “रात्री बाटली तोंडात ठेवूनच झोपतो का गं?” “हो, पण नुसतं दूधच. चमचाभर साखर, थोडी बदामाची पूड.” झोपेत लाळ कमी होते आणि ते दूध वरच्या दातांवर साचून राहतं, खालच्यांवर जिभेचं पांघरूण असतं. हे छापील प्रश्नावलीत येत नाही. गालात घास धरून तासभर बसणारं पोरही तिथे सापडत नाही.

म्हणून डेंटिस्टचं ऐकूच नये? कॅनडातल्या सरे शहरात दक्षिण आशियाई, बहुतेक पंजाबी, आयांबरोबर एक प्रयोग झाला, २००४ साली छापून आला. काहींना फक्त पत्रक आणि व्हिडिओ. बाकीच्यांना त्याशिवाय निवांत बोलणं आणि नंतर फोन. काय जमेल ते आईनेच निवडायचं. वर्षाने पहिल्या गटात मुलामागे सरासरी १.९१ नव्या किडी, दुसऱ्यात ०.७१. सल्ला तोच होता.

त्या बाटलीवाल्या मुलाच्या आईलाही मी विचारलं, आधी साखर बंद करशील की बाटली? तिने साखर निवडली. बाटलीचं म्हणे आधी सासूबाईंशी बोलावं लागेल.