अ‍ॅल्युमिनियमचे आर्म का बसवले नाहीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. फुटपाथच्या कडेवर आपटलेला माझा रिमोटवर चालणारा स्लॅश ट्रक मी पुन्हा उभा केला, त्यावर तुमचे मुख्य तीन आक्षेप आहेत. पुढचे आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्या, मोडलेले असताना परत प्लॅस्टिकचेच बसवले, अ‍ॅल्युमिनियमचे घेतले असते तर कटकट कायमची मिटली असती. ब्रशलेस मोटर (घासणाऱ्या ब्रशशिवाय चालणारी, जास्त वेगवान) न घालता याला अपग्रेड म्हणणं ही धूळफेक आहे. आणि एवढ्या खर्चात नवीच गाडी आली असती.

पहिला मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण या छंदात नव्याने आलेली बरीच मुलं पहिले पैसे तिथेच घालतात.

धडकेचा जोर कुठेतरी जिरणारच. तो चाकातून आर्ममध्ये येतो, तिथून हिंज पिनेत (आर्म जिच्यावर फिरतो ती सळई), मग बल्कहेडमध्ये (पिना धरून ठेवणारा पुढचा ठोकळा) आणि शेवटी चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात. आर्म मोडला तर चाक, शॉक (धक्के जिरवणारी तेलाची नळी) आणि पिना सोडवून नवा आर्म घालायचा, काम संपलं. आर्म मोडलाच नाही तर बल्कहेड फाटतं, स्क्रूच्या भोकांमधले आटे जातात, नाहीतर चासीलाच चीर पडते. मग अख्खी गाडी उकलावी लागते. आर्म हा त्या साखळीतला फ्यूज आहे. फ्यूजच्या जागी जाड तार घातली की फ्यूज उडत नाही हे खरं, पण मग पुढचं काहीतरी जळतं.

धातूचा आणखी एक त्रास आहे. नायलॉन वाकतो आणि परत जागेवर येतो. अ‍ॅल्युमिनियम एका मर्यादेपलीकडे वाकलं की वाकलेलंच राहतं, तेही डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकं. आर्म पिनेवर अडकायला लागतो, शॉक नीट खाली बसत नाही, गाडी एका बाजूला ओढते आणि माणूस रिमोटवरचा स्टिअरिंगचा ट्रिम, म्हणजे चाकं सरळ करायचं बटण, फिरवत बसतो. म्हणून मी आरपीएम या कंपनीचे नायलॉनचे आर्म घेतले. ते मूळ आर्मपेक्षा जास्त लवचिक आहेत, आणि मोडायचेच झाले तर आधी तेच मोडावेत अशी माझी इच्छा आहे.

धातूशी माझं वैर नाही. जिथे भाग सारखा पिळला जातो किंवा दाब धरून ठेवतो, तिथे तो हवाच. शॉकच्या टोप्या मी अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या, कारण उंचावरून गाडी पडली की प्लॅस्टिकची टोपी आट्यांतून निसटते आणि तेल बाहेर येतं. चाकामागचे १२ मिलिमीटरचे हेक्सही (चाक ज्यावर बसतं ते षटकोनी तुकडे) धातूचे घेतले, प्लॅस्टिकचे कोपरे झिजून गोल होतात म्हणून. सर्व्हो सेव्हर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला (सर्व्होला) फटक्यांपासून वाचवणारा भाग, मात्र मुद्दाम स्प्रिंगचाच ठेवला. तो घट्ट करून टाकला की चाकावरचा प्रत्येक फटका थेट सर्व्होच्या दात्यांवर जातो.

आता मोटर. माझ्या गाडीत ब्रशची मोटर आहे. तुम्ही सुचवलेली वेलिनिऑन ही ब्रशलेस मोटर ३५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे. दोन सेलच्या ७.४ व्होल्ट बॅटरीवर बिनभाराचे मिनिटाला जवळपास २६ हजार फेरे, तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर ३९ हजारांच्या घरात. मोटर उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० वरून ६० वर गेलात तर वेग दीडपट, फटका सव्वादोनपट. ज्या गाडीचं पुढचं अंग नुकतंच जुळवलंय, तिच्यात आधी तो वेग घालायचा का? मी बेअरिंगं बदलली, डिफरन्शिअल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) उघडून दाते पाहिले, पिनियन आणि स्पर (मोटरवरचं छोटं आणि त्याला जुळणारं मोठं दातेरी चाक) यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून अंतर नव्याने बसवलं, काचेवर लोळवून ज्या पिना डुगडुगल्या त्या काढून टाकल्या. मोटर यानंतरची पायरी, आणि ती मी घेणार आहे.

लिपोबद्दल, म्हणजे गाडीच्या लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल, तुम्ही जाता जाता लिहिलंय की थोडा पोचा आला म्हणून चांगली बॅटरी टाकून देणं ही उधळपट्टी. इथे मी अजिबात मागे हटणार नाही. पोचा आलेल्या सेलमध्ये आतले थर एकमेकांना टेकलेले असू शकतात आणि ते बाहेरून कळत नाही. अशी बॅटरी चार्जरला लागते तेव्हा ती घरात असते, आणि अनेक घरांत ती मुलांच्या हातून लागते. नवी बॅटरी परवडेपर्यंत गाडी कपाटावर राहिली तरी चालेल.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. अख्खी गाडी नव्याने मागवायची म्हटलं की हा बोजा शाबूत असलेल्या चासी, मोटर, रेडिओ, बॉडी या सगळ्यांवर पुन्हा भरायचा. मी पैसे फक्त मोडलेल्या आणि झिजलेल्या भागांवर घातले.

तुमच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमचे आर्म आहेत असं तुम्ही लिहिलंत, म्हणून एक विनंती. पुढचे दोन्ही शॉक खालून सोडवा. प्रत्येक आर्म वर उचलून सोडा, तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली आला पाहिजे. मग बल्कहेड बोटांनी धरून चाक पुढे-मागे ढकला आणि चासीच्या सांध्यावर टॉर्च मारा. स्क्रूच्या भोवती प्लॅस्टिक पांढरं पडलेलं दिसलं तर पुढच्या उडीआधी बल्कहेड बदला. फोटो पाठवलात तर कुठला भाग लागेल ते मी सांगतो.