‘हेही वाचा’सकट उतरवा

परवा एस.वाय.च्या चौसष्ट असाइनमेंट तपासून हातावेगळ्या केल्या, तेव्हापासून मी या विषयातला जाणकार आहे. म्हटलं आपलं ज्ञान आपल्यापाशी कशाला ठेवायचं, परीक्षा तोंडावर आलीय, पोरांना चार गोष्टी सांगून टाकू.

तर असाइनमेंट हातानेच लिहायची. आमच्या कॉलेजने यंदा तसं परिपत्रक काढलंय, रात्री पावणेबाराला व्हॉट्सअॅपवर आलं, आडवं स्कॅन झालेलं, त्यामुळे मान वाकडी करून वाचलं. इंटरनेटवरून कॉपी होते म्हणून हस्तलिखित सक्तीचं. आणि मग ते हस्तलिखित मोबाईलने स्कॅन करायचं, पीडीएफ करायची आणि पोर्टलवर चढवायची, दोन एमबीच्या आत. बारा पानं दोन एमबीत कोंबायची तर ती इतकी दाबावी लागतात की अक्षरांच्या मुंग्या होतात. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही, मलाही येत नाही, पण पोर्टलवर हिरवी टिक येते. टिक आली म्हणजे शिक्षण झालं. (मी मूळ कागद मागून घेतले, हा माझा मूर्खपणा.)

फोनवरच्या बातमीतून उतरवताना स्वतःचं डोकं मात्र लावायचं नाही. विषय दिला होता १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना. एका पोराचं काय सुंदर अक्षर हो, समास सोडलेला, मथळे लाल पेनाने, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी पट्टीने अधोरेखित करून: ‘हेही वाचा : पीएम किसानचा पुढचा हप्ता कधी येणार?’ तिसऱ्या पानावर एक चौकट. पेन्सिलने आधी आखून मग त्यावर पेन फिरवलेली, चारही कोपरे काटकोनात. आत शब्द एकच, ‘जाहिरात’. खाली रिकामं! अशा रिकाम्या चौकटी मला अकरा जणांकडे मिळाल्या. एका मुलीने तेवढी चौकट गाळली होती, तिला मी एक मार्क जास्त दिला, संपादन केलं म्हणून.

शब्द बदलायला शिका, पुढे पीएचडीला उपयोग होतो. यूजीसीच्या (विद्यापीठांवरचा केंद्रीय आयोग) २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे, त्यावर गेलं की कारवाई, म्हणून वाक्य मशीनमध्ये घालून वळवून घ्यायची. आमच्याकडे एकाने घातली तर रोजगार हमी योजनेचा ‘नोकरी गॅरंटी आराखडा’ झाला आणि पाझर तलावाचं ‘गळकं सरोवर’. साम्य शून्य टक्के.

स्वयमचे, म्हणजे केंद्र सरकारच्या पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स करा, २०२१ पासून चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिकडून आणता येतात, व्हिडिओ म्यूट करून दुप्पट स्पीडने लावला की जेवण होईस्तोवर एक युनिट संपतं.

लायब्ररीत जिओटॅग फोटोपुरतं जा. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकला लागतो. पुस्तक उलटं धरलं तरी चालेल, अक्षांश-रेखांश सरळ आले पाहिजेत.

धोरणवाल्यांना मी काय पामर सांगणार, तरी एक सुचवतो: कुठलीही अडचण आली की तिच्यावर आणखी एक पोर्टल काढावं. २०१७ ला मुंबई विद्यापीठाने घाईघाईत लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासायला घेतल्या, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, पोरांचे पुढचे प्रवेश लटकले आणि कुलगुरूंना पदावरून काढावं लागलं. त्यातून काय शिकलो? काही नाही, आता मार्क चढवायला ओटीपी लागतो आणि तो येतो प्राचार्यांच्या फोनवर.

असो. त्या चौकटीवाल्याला मी बोलावलं. अरे म्हटलं ही चौकट कसली? तर म्हणे, ‘सर, मूळ ठिकाणी होती.’ मी सहज विचारलं, बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या घरचं कोण होतं का रे? म्हणाला, ‘आज्जी होती ना सर. नवीन लग्न झालेलं तिचं. तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची खायला म्हणती. आणि ती लाल मिलो ज्वारी, तिचं नाव काढलं तरी शिव्या घालती.’

मग हे का नाही लिहिलंस?

‘ते चालतं का सर?’

यावर काय बोलायचं सांगा ना. ज्या कामावर तुझी आज्जी उन्हात बसली, त्या कामांच्या अनुभवावर वि. स. पागेंची (विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती) रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, २००५ च्या देशभरच्या रोजगार हमी कायद्याची वाट त्याच योजनेने दाखवली, आणि ते सगळं ज्या बाईने हातोडी धरून पाहिलंय ती तुझ्या घरात बसलीय, तुला भाकरी करून घालते, आणि तू तिच्याच शेजारी बसून फोनमधून जाहिरातीची चौकट आखतोयस? पेन्सिलने? अरे लाज कशी वाटत नाही? आणि त्याला एकट्याला काय बोलायचं, ‘चालतं का’ हे त्याला शिकवलं कोणी? आम्हीच. आम्हाला पुरावा लागतो, पीडीएफ लागते, फोटो लागतो, टिक लागते, पोराच्या डोक्यात काय शिरलं ते बघायला कोणाला वेळ आहे, निम्मे मास्तर तासिका तत्त्वावर, मीसुद्धा, आणि जे कायम आहेत ते नॅकच्या फायली भरतायत. त्या फोनमध्ये अख्ख्या जगाची पुस्तकं आहेत रे, आज्जीचं बोलणं रेकॉर्ड करायची सोय पण आहे, आणि तुम्ही त्यातून काय उचललंत तर ‘हेही वाचा’. तेही न वाचता.

चौसष्टच्या चौसष्ट परत दिल्यात. सोमवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून दोन पानं लिहून आणायची, घरात कोणी नसेल तर शेजारी विचारा. स्कॅन करू नका, माझ्या हातात द्या. पोर्टलचं काय करायचं ते मी प्राचार्यांशी भांडून बघतो.