दोडक्याच्या सापळ्यानं पोरं बिघडत नाहीत

पलूसजवळ आमच्या आक्काचा वीस गुंठे दोडका आहे. परवा फोन केला तर म्हणाली, "त्या फळमाशीच्या पिवळ्या डब्या काढून टाकल्या बघ. पोरं दिवसभर मांडवाखाली असत्यात, कशाला इषाची परीक्षा?" मग तिनं मेसेज पाठवला. भावकीच्या ग्रुपवर मामांनी टाकलेला. खाली सतरा जणांनी हात जोडलेले.

मेसेज थोडक्यात असा: फळमाशीच्या सापळ्यात मादीचा 'कामगंध' असतो. विदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की तो हुंगला की नर नराच्याच मागे लागतो. तोच वास आपल्या तरण्या पोरांच्या नाकात जातोय. शिवाय सापळ्यामुळे शेजारच्या रानातल्या माश्या आपल्यात येतात आणि नुकसान वाढतं. सापळे जाळा, तुळस चोळून टांगा, दहा शेतकऱ्यांना पाठवा.

नर नराच्या मागे लागतो हे वाक्य कुठून उचललंय ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्तच चीड येते. २००७ साली 'नेचर'मध्ये व्हिएन्नातल्या बॅरी डिक्सन यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. माशी कुठली, तर ड्रोसोफिला. पिकल्या केळ्यांवर घोंघावतं ते चिलट. या चिलटाच्या नराकडे एक गंध असतो, सिस-व्हॅक्सिनिल अ‍ॅसिटेट. मिलनाच्या वेळी तो मादीलाही लागतो. नंतर आलेल्या नराला तो वास आला की गडी माघार घेतो: एक तर समोर नरच आहे, नाहीतर ही मादी आधीच कुणाची तरी झालेली आहे. मादीला मात्र नराचा तोच वास आला की ती लवकर राजी होते. वास एकच, अर्थ दोन.

हा वास टिपायला चिलटाच्या शृंगिकेवरच्या, म्हणजे मिशीवरच्या, बारीक केसांत वास ओळखणारा एक खास ग्राही (रिसेप्टर) असतो, त्याचं नाव ओआर ६७ डी. व्हिएन्नावाल्यांनी तो बिघडवला. मग काय झालं? ज्यांना वास येतच नव्हता ते नर मादीपुढे करावं तसं दुसऱ्या नरांपुढे एक पंख पसरून थरथरवायला लागले. म्हणजे वास हुंगल्यानं नव्हे, वास न आल्यानं! मेसेज लिहिणाऱ्यानं निबंध उलटा धरून वाचलाय. वाचला असेल तर. आणि माणसाचं मन कुणावर बसावं याचा चिलटाच्या मिशीशी काडीचा संबंध नाही. पोरांच्या काळजीचं नाव पुढं करून हे असलं पसरवायचं, याची लाज वाटायला हवी.

बरं, चिलट म्हणजे फळमाशी नव्हे. कुळच वेगळं. चिलट सडक्या फळावरच्या किण्वावर (यीस्टवर) जगतं. दोडक्यावरची माशी चांगली गांधीलमाशीसारखी पिवळसर, तिची मादी कोवळ्या फळाच्या सालीत टोक खुपसून आत अंडी घालते. डंखावर डिंकाचा थेंब येतो, दोडका तिथं वाकडा होतो, आणि चिरला की आतल्या अळ्या टुणकन उड्या मारतात. तो माल मंडईत कोण घेणार?

आता डबीत काय असतं? मादीचा गंध नसतोच. 'कामगंध सापळा' हे नावच घोळ घालतं. आंबा-पेरूच्या माशीसाठी मिथाईल युजेनॉल हे आमिष वापरतात. ते सापडलं असं: एका माणसानं डासांसाठी रुमालाला सिट्रोनेलाचं तेल लावलं आणि रुमालावर माश्या येऊन बसल्या. बिहारमधल्या पुसा इथले कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली हे नोंदवलं, आणि बघितलं तर सगळे नर. १९१५ साली त्यांनीच मिथाईल युजेनॉलवर बोट ठेवलं. हा पदार्थ झाडांत सापडतो. नर तो चाटतो, अंगात त्याचं अत्तर बनवतो आणि तिन्हीसांजेला मादीला बोलावतो. म्हणजे बोलावणारा नर आणि येणारी मादी, मेसेजच्या बरोब्बर उलट.

दोडका, कारली, काकडीची माशी मिथाईल युजेनॉलला भुलत नाही, तिला क्यू ल्युर नावाचं वेगळं आमिष लागतं. गेल्या वर्षी एका दुकानदारानं आक्काला दोडक्यासाठी आंब्याच्या माशीची, मिथाईल युजेनॉलची गोळी दिली. महिनाभर डब्या रिकाम्या. ह्या मेसेजवर तिचा चटकन विश्वास बसला तो त्यामुळंच, असं मला वाटतं.

शेजारच्या माश्या येतात? येतात, नर येतात. नर डंख मारत नाही, त्याच्याकडे टोकच नाही. रविवारी जाऊन मी एक डबी कागदावर उलटी केली आणि आक्काला दाखवलं: मेलेल्या सगळ्या माश्यांचं बूड बोथट. मादीचं अणकुचीदार असतं, तशी एकही नव्हती. पण याची दुसरी बाजूही खरी: ज्या मादीचं मिलन झालंय ती डबीला भीक न घालता डंख मारतच राहते. म्हणून नुसती डबी टांगून झोपायचं नसतं; डंखलेली फळं वेचून दोन फूट खोल पुरावी लागतात. वेलीखाली सडू दिली तर तीच पुढची पिढी.

तुळशीचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. तुळशीत मिथाईल युजेनॉल असतं, चोळलेल्या पाल्यावर आंब्याच्या माशीचे नर येतात. पण दोडक्याच्या मांडवात तुळस टांगून काय उपयोग, ते वर आलंच.

आणि विषाचंही एक सांगतो, नाहीतर मामा म्हणतील लपवलं. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मिथाईल युजेनॉल 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. आंबा-पेरूवाल्यांनी गोळी उघड्या हातानं कुस्करू नये, हातमोजे घालावेत. काही गोळ्यांत कीटकनाशकही असतं, पोरांच्या हाती देऊ नयेच. पण मांडवाखालून जाणाऱ्या पोराचं पोरगेपण जातं, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

सहापैकी पाच डब्या परत टांगल्यात. सहावीत आक्काच्या धाकट्यानं गोट्या भरल्या होत्या. ती काढून घेतली, त्याचे हात साबणानं धुवायला लावले. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. मामांनी अंगठा दाखवला आणि खाली लिंबू-मिरचीचा नवा मेसेज टाकला.