टक्कल केलं आणि शेंड्या ठेवल्या

सकाळी उठून रानाकडं बघितलं आणि डोकंच सटकलं. काल अख्खी दुपार त्या नव्या मॉवरवर, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडायच्या गवत कापायच्या यंत्रावर, घालवलीय, कंबरेचा पार भुगा, कानात अजून गिअरबॉक्स घोंघावतोय, आणि संध्याकाळी बघितलं तेव्हा काय सुंदर दिसत होतं राव, गालिचा नुसता. आणि आज? गालिच्यातून उभ्या रेघा. एक शेंडी, मग टक्कल, मग परत शेंडी, मग टक्कल, ह्या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. टायरखाली दबलेलं गवत रात्रीत दव पिऊन ताठ उभं राहिलंय आणि माझ्याकडं बघून हसतंय. पोरगी शेजारी येऊन उभी राहिली आणि एकदम निरागसपणे म्हणाली, बाबा, ह्या रेघा मुद्दाम ठेवल्यात का? काय सांगू तिला. म्हणलं हो, डिझाइन आहे.

तर झालंय असं की मॉवर चार फुटी आणि ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेरून बाहेर चार फूट आठ इंच. दोन्ही बाजूला चार चार इंच टायर बाहेर. म्हणजे टायर आधी जाऊन गवत झोपवणार आणि पातं त्याच्या आतूनच फिरणार. पुढच्या फेरीत त्याच्यावरून मॉवर नेला तरी ते आडवंच, पातं वरून वारा घालून जातं. आणि कुंपणाच्या कडेचं तर विसराच, टायर कुंपणाला घासला तरी पातं चार इंच लांब.

विकणाऱ्याला फोन लावला. हाच तो माणूस ज्यानं तीन महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला होता, साहेब ट्रॅक्टर किती एचपी? म्हणलं ३५. मग चार फुटी बिनधास्त घ्या साहेब, पाच फुटी घेतला तर वजनानं पुढची चाकं उचलतील. आता ह्या वाक्यात खोटं काही नाही बघा, स्लॅशर, म्हणजे हा माझा मॉवर, मागं लांब लोंबतो, ट्रॅक्टरच्या लिफ्टची जी उचलायची क्षमता छापलेली असते ती बहुतेक वेळा लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या दांड्यांच्या, टोकाला मोजलेली आणि वजनाचा मध्य त्याच्याही मागं, सगळं मान्य. पण बाबा रे, पुढं वजन लावता येतं ना! आणि चाकं किती रुंद आहेत हे विचारायला काय तोंडाला बोल्ट मारला होता का? तर आज तो काय म्हणाला? अगदी शांतपणे, म्हणजे त्या शांतपणानंच माझं टाळकं फिरलं, म्हणाला साहेब, त्यात काय, चाकं आत घ्या की.

चाकं आत घ्या. मॉवर अरुंद निघाला म्हणून ट्रॅक्टर अरुंद करायचा. उद्या चप्पल लहान निघाली तर पाय तासायचा. माझं अर्धं रान उताराचं आहे, उतारावर चाकं जवळ आणली की ट्रॅक्टर कधी आडवा होईल सांगता येत नाही, हे त्याला सांगितलं तर म्हणतो, मग उतारावर हळू चालवा. बदलून द्या म्हणलं तर, वापरलेलं परत घेत नाही साहेब, पात्याला गवत लागलंय. अरे गवत लागणारच, गवत कापायचं यंत्र आहे ते! गवत न लागता मला कळणार कसं की ते गवत कापत नाही?

फोन आपटला. मोबाईल आपटता येत नाही हे एक आणखी दुःख. लाल बटणाला जोरात बोट मारून काय समाधान मिळतंय.

आणि मी काय आंधळेपणानं घेतला का? तीन महिने डोकं खपवलंय. फिनिशिंग मॉवरपासून सुरुवात केली, फोटोत काय दिसतो, तीन पाती, चार बाजूला चार चाकं, मागं हिरवीगार मखमल. नीट बघा तो फोटो. गवत आधीच कापलेलं असतं! घोट्याएवढ्या गवतावर मॉवर फिरवून दाखवतात लेकाचे. त्याला गुडघ्याएवढ्या गवतात घातला की गुदमरून बसतो. मग कटर बार बघितला, कात्रीसारखी दात्यांची पट्टी, ताकद कमी खातो, छान, पण गवत आहे तेवढ्या लांबीचं आडवं टाकतो, ते गोळा कोण करणार, तुम्ही येता का? फ्लेल मॉवर बघितला, बारीक करतो, दगड लांब उडवत नाही, ट्रॅक्टरला चिकटून बसतो, पण रोटरवर डझनावारी छोटी पाती, एकेक बदलत बसा, शिवाय तेवढ्याच रुंदीला स्लॅशरपेक्षा ताकद जास्त मागतो. त्यातला एक बाजूला सरकणारा होता, म्हणजे टायरच्या बाहेर काढता येणारा. मी म्हणलं, हे असले चोचले आपल्याला नकोत. हो, मीच म्हणलं. पुढं चला.

मग राहिला स्लॅशर. गडी दणकट, पात्याला धार अशी नसतेच, जाडजूड पट्टी नुसती वेगानं फटके मारते, दगड लागला तर पातं मागं दुमडतं, खुंट आला तर खालची ताटली त्याच्यावरून घसरते. गवत कापत नाही, गवताला मारहाण करतो. पण सहा एकर रान आहे, गोल्फचं मैदान नाही, चालतंय.

आणि ह्या सगळ्यात एचपीचा तमाशा वेगळाच. कॅटलॉगमध्ये लिहिणार ३० एचपी पाहिजे. कुठली ३०? इंजिनची का पीटीओची, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टची? इंजिनची ३५ असली तरी मागच्या शाफ्टला पोचेपर्यंत गळती होतेच ना. आणि एक शब्द आहे ज्याचा मला मनापासून राग आहे, 'पर्यंत'. अमुक इंच जाडीपर्यंतचं झुडूप कापतो. तमुक एकरपर्यंत पुरेसा. शून्यापासून सुरू होऊन पर्यंतपर्यंत, मधे कुठंही पकडा, कंपनी खरी आणि तुम्ही मूर्ख.

शाफ्टचं तर बोलूच नका. नवाकोरा पीटीओ शाफ्ट येतो आणि तो लांब असतो, आणि कुणी सांगत नाही की बाबा हा तुमच्या ट्रॅक्टरच्या मापानं करवतीनं कापायचा असतो. न कापता जोडला आणि मॉवर वर खाली केला की कुठंतरी आतला पाईप तळाला टेकतो आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगला ढुसण्या देतो. जास्त कापला तर पकड कमी होऊन निसटतो. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९, ते दांडकं सुटलं तर कुठं जाईल विचार करा. नव्या वस्तूला पहिल्याच दिवशी करवत लावताना माझा हात थरथरत होता.

त्याच्याआधी एकदा उसना स्लॅशर जुन्या ट्रॅक्टरला लावला होता, एकाच क्लचवाला, पीटीओ वेगळा नाही. कुंपण आलं म्हणून क्लच दाबला, तर ट्रॅक्टर थांबेना. पात्यांचा वेग उलटा गिअरबॉक्समधून चाकांना ढकलतोय. पुढं कुंपण, पाय क्लचवर, मी आरडाओरडा कुणाच्या नावानं करत होतो माहीत नाही. तो एकाच दिशेनं ताकद सोडणारा छोटासा क्लच शाफ्टला बसवला असता तर काही झालं नसतं. उसना देणाऱ्यानं नंतर सांगितलं, अरे हो, तो माझ्याकडं पडलाय कुठंतरी. पडलाय कुठंतरी! कुंपणाचे दोन खांब पण पडले त्या दिवशी.

आणि सल्ले देणारे. शेळ्या सोड. पेटवून दे. कशाला एवढं गवत ठेवतोस. अरे मी ठेवत नाही, ते येतं!

असो. फोन झाल्यावर तरातरा टेप घेऊन गेलो, म्हणलं त्याला फोटो पाठवतो मापाचा, पुरावा पाहिजे. टेप लावला, चार फूट आठ. मग सहज रिमकडं लक्ष गेलं. रिम उलटे बसवलेत. आणि मग आठवलं, तीन पावसाळ्यांपूर्वी उतारावर एकदा पोटात गोळा आला होता तेव्हा चाकं बाहेर मीच काढली होती. स्वतः. जॅक लावून, घामाघूम होऊन, वर शेजाऱ्याला ज्ञान दिलं होतं की बघ, रुंदी म्हणजे सेफ्टी. विकणाऱ्यानं ट्रॅक्टरचं मॉडेल ऐकून सांगितलं चार फुटी, कारण कंपनीतून येतो तसा ट्रॅक्टर चार फुटात बसतो. मी पिनचा व्यास मोजला, शाफ्टच्या स्प्लाईन, म्हणजे त्याच्यावरच्या खाचा, मोजल्या, सहा आहेत, टॉप लिंकची लांबी मोजली, लिफ्टचा चार्ट पाठ केला, आणि ज्या टायरला रोज लाथ मारून हवा तपासतो त्याची रुंदी मोजली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

तरी त्यानं विचारायला पाहिजे होतं. ह्यावर मी ठाम आहे.

हिशोब केला. सहा एकर म्हणजे चोवीस हजार चौरस मीटरच्या वर. चार फुटी पट्ट्यानं जायचं तर साधारण २० किलोमीटर ट्रॅक्टर हाकायचा. टायरचा बाहेरचा भाग झाकायला आठ इंच ओव्हरलॅप धरला तर २० चे जवळपास २४. पाच किलोमीटरच्या वेगानं जवळजवळ पाच तास, वळणं वेगळी, शिव्या वेगळ्या, आणि आडवं गवत तरी आडवंच. चाकं आत घेतली तर चार तास आणि उतारावर देवाचं नाव. नाहीतर उरलेला उपाय एकच, दबलेलं गवत उभं राहिलं की उलट्या दिशेनं परत फिरायचं.

तर आता तेच चाललंय. दुपारी उलट्या दिशेनं एक एकर शेंड्या काढल्या, अकराव्या फेरीला शिअर बोल्ट तुटला, जास्त ताण आला की गिअरबॉक्स वाचवायला मुद्दाम तुटणारा. जादा बोल्ट डब्यात होता, एकच, आणि अर्धा सेंटीमीटर आखूड. तोपण मी मोजला नव्हता.

पोरगी परत आली. आता रेघा अर्ध्याच आहेत म्हणते. आधीचं डिझाइन बरं होतं म्हणे.