‘एनएफएस स्टेटलेस आहे, सरळ डीमन मारा’: हा सल्ला कुठे फसतो

जुन्या युनिक्ससाठी एक सल्ला नेहमी फिरतो: एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या फाइली वापरू देणारी यंत्रणा) ‘स्टेटलेस’ आहे, म्हणजे काही लक्षात ठेवत नाही, तेव्हा ती बंद करायला सर्व्हरवर एनएफएसडी (फाइली पुरवणारा), माउंटडी (माउंटच्या, म्हणजे फाइली जोडून घेण्याच्या, विनंत्या घेणारा) आणि पोर्टमॅप (कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणारा) या डीमनना, म्हणजे मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रामना, ‘किल -९’ द्या (आवरायची संधी न देता मारा), झालं काम.

‘काही लक्षात ठेवत नाही.’ एनएफएसच्या आवृत्ती २ आणि ३ मध्ये सर्व्हर ठेवत नाही, क्लायंट (त्या फाइली वापरणारं मशीन) ठेवतो. हार्ड माउंट (उत्तर येईपर्यंत सर्व्हरला विचारतच राहणारं) असेल तर एनएफएसडी गेल्यावर त्या माउंटला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस लटकते, डिस्कवरची जागा दाखवणारं साधं ‘डीएफ’सुद्धा. अशी प्रोसेस मध्येच तोडू देणारा ‘इंटर’ पर्याय माउंट करताना दिलेला नसेल तर तिच्यावर ‘किल -९’ही चालत नाही. क्लायंटचं शटडाउन मग यूमाउंटपाशीच (माउंट सोडवण्यापाशीच) अडकून बसतं. सॉफ्ट माउंट हा यावरचा उपाय नव्हे: मुदत संपली की लेखनाला एरर मिळते, बरेच प्रोग्राम ती तपासतच नाहीत, आणि फाइल अर्धवट राहते.

म्हणून आधी क्लायंट. फाइली कोणी धरल्यात ते फ्यूजरने पाहा (सन कंपनीच्या सोलॅरिस युनिक्सवर ‘-सी’ देऊन), त्या प्रोसेस थांबवा आणि नेटवर्क चालू असतानाच यूमाउंट करा. क्लायंटकडे साचलेलं लेखन तेव्हाच सर्व्हरवर उतरतं.

‘शोमाउंट -ए रिकामं म्हणजे कोणी जोडलेलं नाही.’ जोडलेल्या क्लायंटची ती यादी सर्व्हरवरच्या आरएमटॅब फाइलमधून येते. कोसळलेल्या क्लायंटची नोंद तिथे तशीच राहते. उलट कोणी ती फाइल पुसली, तर चालू माउंटही दिसत नाही.

‘-९ नेच मारा.’ कशाला? सोलॅरिसआधीच्या सनओएस ४ वर आधी ‘एक्सपोर्टएफएस -यूए’ (फाइली देणं बंद करा), मग माउंटडी आणि एनएफएसडीला साधा किल. सोलॅरिस २ ते ९ वर इनिट.डी मधली ‘एनएफएस.सर्व्हर’ स्क्रिप्ट ‘स्टॉप’ देऊन चालवा. साध्या किलनंतर बरेच डीमन पोर्टमॅपमधली आपली नोंद काढून जातात. -९ ने ती संधीच मिळत नाही, आणि पोर्टमॅपमधल्या नोंदी दाखवणारं ‘आरपीसीइन्फो -पी’ मेलेली सेवा दाखवत राहतं.

पोर्टमॅपला तर हातच लावू नका. त्याचा तक्ता फक्त मेमरीत असतो आणि एनआयएसही (वापरकर्ते, मशीन यांची सामायिक यादी पुरवणारी सेवा) त्यातच नोंदलेलं असतं. तो मारला की एरवी प्रत्येक आरपीसी (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडून काम करून घेणारी) सेवा नव्याने सुरू करावी लागते. पूर्ण मशीन बंद करायचं असेल तरच, आणि तेही सर्वांत शेवटी.

लॉकच्या (एका वेळी एकानेच फाइल बदलावी म्हणून घेतलेल्या ताब्याच्या) बाबतीत ‘स्टेटलेस’ हा शब्द साफ चुकीचा आहे. कोणत्या क्लायंटशी लॉकचा संबंध आहे, त्यांची नावं स्टॅटडी हा डीमन डिस्कवर ठेवतो: सनओएस ४ वर ‘/ईटीसी/एसएम’, सोलॅरिसवर ‘/व्हार/स्टॅटमॉन’. सर्व्हर परत उठला की स्टॅटडी त्यांना कळवतो आणि ते आपले लॉक पुन्हा मागतात. ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात ही डिरेक्टरी रिकामी केली, तर क्लायंटला वाटतं लॉक आपल्याकडेच आहे, आणि सर्व्हर तोच लॉक दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. सगळे क्लायंट यूमाउंट झाल्याची खात्री असेल तेव्हाच ती साफ करा.