पंधरा दिवसांचे मिशन आणि दुभाषी बाई

बेळगावातल्या टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे फाटकाजवळ आमचा जो कट्टा आहे, तिथे गेल्या बुधवारी युगांडाचा विषय निघाला आणि फाटक चार वेळा पडून उघडले तरी संपला नाही. आमच्यातला सर्वांत धाकटा, ज्याला आम्ही नावाने न हाक मारता इंजिनिअरच म्हणतो, बेंगळुरूतल्या आपल्या चर्चच्या बारा जणांबरोबर पंधरा दिवसांच्या मिशनवर जाऊन आला होता. त्याच्या खर्चाचा अर्धा वाटा इथल्या कॅम्प भागातल्या त्याच्या घरच्या चर्चमधील मंडळीने उचलला होता. कापणीच्या सणाला चर्चच्या अंगणात भोपळे, नारळ आणि कोंबड्यांचा जो लिलाव होतो, त्यातून ते पैसे उभे राहिले होते, आणि वादाची ठिणगी नेमकी तिथेच पडली.

बांधकामाची कंत्राटे घेणारे मामा म्हणाले, "विमानाच्या एका तिकिटात तिथले किती गवंडी किती दिवस कामाला लागले असते, याचा हिशेब कोणी केला होता का?"

इंजिनिअरने उत्तरादाखल आपला दिवस सांगितला. साडेपाचला मच्छरदाणीतून बाहेर पडायचे, सहा ते साडेसहा ज्याने त्याने बायबल घेऊन एकट्याने शांत बसायचे, मग प्रार्थना, न्याहारी आणि हिवतापाची गोळी. दुपारपर्यंत शाळेच्या नव्या खोलीचे बांधकाम, जेवायला पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि त्यावर राजम्याची पातळ आमटी. दुपारनंतर मुलांना गाणी व गोष्टी, आणि रात्री सर्वांनी गोल बसून आज देवाचा हात कुठे दिसला ते एकेकाने सांगायचे. तो प्रामाणिकपणे म्हणाला, की हा शेवटचा भाग त्याला सर्वांत जड गेला, कारण काही दिवशी त्याला घाम आणि लाल धूळ यांखेरीज काहीच दिसले नव्हते, आणि तरीही आपली पाळी आली की काहीतरी बोलावे लागत होते.

जाण्यापूर्वीच्या खटाटोपाबद्दल तो फार बोलला नाही. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण तोवर तिचे प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत, एवढेच त्याने सांगितले. चहाचे मात्र त्याला अप्रूप वाटले होते. तिथेही चहाला चायच म्हणतात आणि चपातीला चपाती. आपल्याकडचे मजूर १८९६ पासून युगांडा रेल्वे बांधायला पूर्व आफ्रिकेत गेले आणि दुकानदारही तिकडे स्थिरावले, त्यांच्या खुणा अशा ताटात उरल्या आहेत. १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तरी चपाती तिथेच राहिली.

मामांचे लक्ष मात्र मोबाइलमधल्या भिंतीच्या फोटोवर होते. "उभे सांधे एकावर एक आले आहेत. हे कोणी केले?" ते आपणच केले होते, हे इंजिनिअरने मान्य केले. तिसऱ्या दिवशी तिथल्या गवंड्याने काही न बोलता त्याच्या हातातली थापी काढून घेतली आणि त्याला विटा वाहायला लावले होते. मामा हसले नाहीत. ते वारकरी घरातले आहेत, आणि त्यांनी जे विचारले ते मला आजही खटकते आहे. "आम्हीही वीस दिवस चालतो, लोकांच्या ओसरीवर झोपतो, त्यांच्या घरचे जेवतो. पण पंढरपूरचे भले करायला निघालो आहोत, असे आमच्यातला कोणी म्हणतो का?"

यावर सर बोलू लागले. निवृत्त शिक्षक असलेल्या सरांचे घराणे पाच पिढ्या मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती आहे. त्यांचे म्हणणे असे, की मिशन हा शब्दच राहण्याशी बांधलेला आहे. लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलर यांनी १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले ते मुक्काम ठोकून, आणि त्याच्याही आधी १५७९ मध्ये गोव्यात आलेले मूळचे इंग्रज फादर स्टीफन्स चाळीस वर्षे तिथेच राहिले, म्हणूनच १६१६ मध्ये ते मराठीत ओवीबद्ध पुराण छापू शकले. "पंधरा दिवसांत तुला तिथल्या लुगांडा भाषेचे किती शब्द आले?" इंजिनिअरने बोटे मोजली. चार.

मग गोष्ट कोण सांगत होते, असे मी विचारले. तिथल्या शाळेतल्या एक शिक्षिका दुभाषी होत्या. इंजिनिअर हरवलेल्या मेंढराची गोष्ट चार वाक्यांत सांगे आणि बाई त्यावर पाच मिनिटे बोलत. त्याने विनोद केलेलाच नसे, तिथे मुले खदखदून हसत. शेवटी त्याने विचारले तेव्हा कळले, की मेंढराच्या जागी बाईंनी शेळी घातली होती, कारण त्या मुलांच्या दारात शेळ्याच असतात, आणि ती शोधायला जाणारा माणूस गावातला, सर्वांच्या ओळखीचा होता.

"मग मिशनरी कोण, तू की ती?" सर म्हणाले. कन्नडमधला सरकारी अर्ज दुसऱ्याकडून भरून घेऊन खाली सही करणे आम्हा सीमाभागातल्या माणसांना नवे नाही, त्यामुळे हा प्रश्न कट्ट्यावर कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

माझा कल मामांकडे आहे, परंतु माझी तक्रार पैशांची नाही. मी लहान असताना खानापूरजवळच्या आमच्या गावी परदेशी पाहुण्यांचा असाच एक गट आला होता. आईने शेजारून ताटे उसनी आणली होती, आणि त्यांना आंघोळीला गरम पाणी मिळावे म्हणून ती पहाटे चारला चूल पेटवत असे. त्यांनी रंगवलेल्या खिडक्यांचा रंग खानापूरच्या पुढच्याच पावसाळ्यात सोलून निघाला, आणि आईच्या चुलीची नोंद कोणाच्याही अहवालात झाली नसावी. तरीही सांगायला हवे, की त्यांच्यातल्या एक बाई पुढे बरीच वर्षे नाताळला आईला पत्र पाठवत, आणि आईने ती सारी ट्रंकेत जपून ठेवली होती.

हे ऐकून इंजिनिअर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की निघताना तिथल्या पाळकांनी त्याला विचारले होते, "आता आम्ही तुमच्याकडे केव्हा यायचे?" त्याने ते सौजन्य समजून हसण्यावारी नेले होते.

"का? येऊ देत की. माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे," मामा लगेच म्हणाले. जेवणाचा भार सरांनी घेतला. पण पाळकांच्या उपदेशाचे भाषांतर मराठीत करायचे की कन्नडमध्ये, हे इंजिनिअरने विचारले मात्र, मामा आणि सर एकाच वेळी बोलू लागले, आणि फाटक पाचव्यांदा पडले.