अर्चीने चहा ठेवायला नको होता का?

परवा टीव्हीवर ‘सैराट’ लागला होता. हैदराबादचा भाग संपत आला तसं भाचीने रिमोट ओढून चॅनल बदललं. म्हणाली, "मावशी, याचा शेवट बदलायलाच पाहिजे होता. निदान त्या लेकराला आई तरी ठेवायची." एकोणीस वर्षांची पोर, डोळे भरले होते तिचे. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. तेच आज इथे लिहितेय, लांबेल जरा.

२९ एप्रिल २०१६ ला सिनेमा आला आणि ९ मेला आखाजी होती. खान्देशाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे ती सोन्याच्या दुकानात साजरी होत नाही. तो सासुरवाशिणीचा सण आहे. भाऊ मुऱ्हाळी म्हणून येतो, बहिणीला माहेरी घेऊन जातो. लिंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. त्या वर्षी आम्ही सगळ्या अमळनेरला जमलो होतो आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी नऊ जणी सिनेमाला गेलो. ‘झिंगाट’ला आख्खं थिएटर उभं राहिलं. साठी ओलांडलेली माझी मोठी मायसुद्धा पदर खोचून नाचली.

आणि मग तो शेवट. जातीबाहेर लग्न केलेली अर्ची माहेरून आलेल्यांना चहा करते आणि तेच तिला आणि परशाला मारून जातात. रक्ताची पावलं उमटवत त्यांचं पोर बाहेर येतं, रडतंय पण आवाज नाही. दिवे लागले तरी कुणी उठेना. चप्पल पायात सरकवताना मोठी माय एवढंच बोलली, "चहा कसाले मांडा व तिनी?" म्हणजे, चहा कशाला ठेवला गं तिने?

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कारण शेवट बदला म्हणणारा प्रत्येक जण खरं तर हेच म्हणत असतो. तिने आईला फोन करायला नको होता. पत्ता कळू द्यायला नको होता. दार उघडायला नको होतं. म्हणजे मारणारे राहिले बाजूला, चुका निघाल्या अर्चीच्या. मला याचा संताप येतो. लेकीने आईला फोन केला, भाऊ आला तर चहा टाकला, यात चूक काय आहे? आपल्याकडे भाऊ दारात आला तर दुसरं करतात काय?

दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी नेमकं इथेच बोट ठेवलंय असं मला वाटतं. मारेकरी दार फोडून येत नाहीत, माहेरचे होऊन येतात. हातात आईने पाठवलेल्या वस्तू. अर्चीचा भाऊ, तो प्रिन्स दारात उभा राहतो तेव्हा आमच्या रांगेतल्या नऊच्या नऊ जणींना तो मुऱ्हाळी वाटला होता. माझ्या शेजारची वहिनी तर हलकेच म्हणाली, "झालं बाई, मिटलं." दोन मिनिटांनी तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

शेवट बदलून पाहिलेलाही आहे आपण. २०१८ चा हिंदी ‘धडक’ आठवा. तिथे नवरा आणि बाळ जातात, ती उरते आणि किंचाळते. दुःख तिथेही आहे, पण ती किंचाळते म्हणून आपल्याला रडता येतं. ‘सैराट’ तेवढीही सोय देत नाही. अजय-अतुलची चारही गाणी ती दोघं पळून जायच्या आधीच संपलेली असतात, हे पुन्हा बघताना लक्षात घ्या. हैदराबादला गेल्यावर एकही गाणं नाही. झोपडपट्टी, कारखान्यातलं काम, संशय, भांडण, परत जुळणं, मग चार पैसे, मग बाळ. संसाराला गाणं लागत नाही, तो आपला चालू असतो. गाणी आधी जातात, मग शेवटी आवाजच जातो. तिथे किंकाळी घातली असती तर सगळंच वाया गेलं असतं.

आणि हे सिनेमातलं म्हणून सोडून देऊ नका. २७ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगून झालंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुणी आडवं येऊ शकत नाही, अशा जोडप्यांना संरक्षण द्या. तरी २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात, हळदीच्या कार्यक्रमात, बापाने लेकीवर गोळ्या झाडल्या. प्रेमविवाह केला म्हणून. ज्यांना गोड शेवट हवाय त्यांनी तो आधी चोपड्यात मागावा.

पण भाचीचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. तिला जो शेवट हवाय तो मी एकदा पाहिलाय. माझ्या चुलत बहिणीने दुसऱ्या जातीत लग्न केलं आणि दोघं सुरतला गेली. आमच्याकडची अर्धी पोरं पोटासाठी तिकडेच जातात, त्यातच मिसळून गेली. नऊ आखाज्या तिच्याविना गेल्या. झोक्यावर तिचं नाव कुणी काढायचं नाही, असा घरात न बोललेला नियम होता. (तिला विचारून लिहितेय.) दहाव्या वर्षी काकूने कुरडया, पापड आणि एक हिरवी साडी पिशवीत भरली आणि मला आणि तिच्या सख्ख्या भावाला पाठवलं.

तिने दार साखळीपुरतं उघडलं. मला ओळखलं, हसलीही, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. भाऊ जिन्यात उभा होता. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. हातात पिशवी. आतून तिच्या लेकाने विचारलं, "कोण आहे?" तिने त्याला ओढून पाठीमागे घेतलं.

भावाला ते कळलं. त्याने पिशवी खाली ठेवली, एकेक वस्तू काढून जिन्याच्या पायरीवर मांडली. कुरडया, पापड, साडी. रिकामी पिशवी झटकून दाखवली. मग म्हणाला, "ताई, मी मुऱ्हाळी आलोय."

साखळी निघाली. आम्ही आत जाऊन बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. ती आत गेली, गॅस पेटल्याचा आवाज आला आणि तो पठ्ठ्या, चाळीस एकर केळी सांभाळणारा गडी, भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागला. चहा आला तेव्हा त्याला कप धरवेना. तिच्या लेकाने दोन्ही हातांनी खालून बशी धरली.